पाठ टेकवली नाही

दोन हजार तेवीस साल. मला सत्तर सरून एकाहत्तरावं लागलं होतं. त्या सालची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मुलाला नाही, गावाकडच्या भावाला नाही, देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते विचारू नका. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिताना हात अवघडतो. पण बोलायला गेलो तर तोंडातून भलतंच निघेल, ही खात्री आहे. म्हणून लिहितोय.

आम्ही सांगलीकडचे. मुलगा संजय इथं जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, मोटारींच्या कामात इंजिनियर. सून सायली, नात ईरा. आम्ही नवरा-बायको व्हिसावर तीन महिने येतो, नातीचं तोंड बघतो, परत जातो. जर्मन मला येत नाही. ‘या’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर, एवढ्यावर माझं भागतं. समोरचा काही का म्हणेना, मी मान हलवून गेनाऊ म्हणतो. बायकोचं, मालनचं, तसं नाही. ती बेकरीत जाऊन पाव मागते, चुकलं की हसते, पुन्हा मागते. चुकल्यावर हसायचं कसं, हे मला कधी जमलंच नाही.

यंदाच्या थंडीत त्याच बेकरीपुढं ती पडली. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. मी चार पावलं मागं होतो. तिचा पाय गेला तो मला दिसला — आणि मग दिसलं ते असं. तिनं हनुवटी छातीला लावली, पाठ गोल केली, आणि पडता पडता दोन्ही हात पसरून जमिनीवर सपकन मारले. डोकं टेकलंसुद्धा नाही. उठून बसली, हातमोज्यांवरचा बर्फ झटकला, आणि हसत म्हणाली, “बघितलंत? अजून येतंय की हो मला!”

मी तिला हात दिला. तिला पडायला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडं तिचं जाणं कुणी बंद केलं, हे त्या रस्त्यावर एकट्यालाच माहीत होतं. मला.

तर ऐका.

मी पैलवान होतो. ‘होतो’ म्हणायला आजही जीभ वळत नाही. विशीत पंचक्रोशीतल्या जत्रांची मैदानं मारली. मोठं नाव नाही झालं, पण एक होतं — माझी पाठ कुणी मातीला लावली नाही. हरलो असेन गुणावर, बरोबरीत सुटलो असेन, पण चीत नाही झालो. गावात अजून म्हणतात, त्याची पाठ मातीनं बघितली नाही. पुढं कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेला, पोट सुटलं, गुडघे गेले. पण हे एक वाक्य होतं. माणूस एका वाक्यावर किती वर्षं जगू शकतो, तुम्हाला कल्पना नाही.

मालन तेव्हा नवी नवरी. तालमीत बाईमाणसाला पाऊल टाकायची मुभा नव्हती. ती थंडाईसाठी बदाम वाटायची, तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि उभ्या उभ्या आत बघायची. काय बघत असेल, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

त्या साली गणपती झाल्यावर आम्ही इथं आलो. आदल्या खेपेला ती जिन्यावरून घसरली होती, म्हणून संजयनं मनावर घेतलेलं. ईरा ज्या फेराइनमध्ये — म्हणजे इथल्या क्लबात — ज्युडो शिकते, तिथंच म्हाताऱ्यांचाही वर्ग निघाला होता. संजय म्हणाला, “बाबा, पडायला शिकवतात तिथं. थोडा ज्युडो पण.”

मी हसलो. “पडायला शिकायचं? आम्ही जन्मभर न पडायला शिकलो रे.”

“म्हणून तर तुम्हाला जड जाईल,” तो म्हणाला. पोरगं माझंच.

पहिल्या दिवशी पांढरे जाड कपडे घालून आम्ही गाद्यांच्या कडेला उभे. आठ-दहा जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या. मास्तर युर्गन नावाचा, पन्नाशीचा, दणकट, कान मोडलेले — पैलवानाचे असतात तसेच. गादीवर चढण्याआधी तिथं वाकून नमस्कार करतात. मी ताठ उभा राहिलो. परक्याच्या आखाड्यात मी का वाकावं? आणि शेजारी मालन खाली वाकली, गादीला बोटं लावली, ती कपाळाला लावली. तालमीत आम्ही मातीला करायचो, अगदी तसं. उंबऱ्याबाहेरून बघून शिकलेली. युर्गन थांबून बघत राहिला, आणि मग त्यानं तिला पुन्हा वाकून नमस्कार केला.

तिथंच कुठंतरी काहीतरी सुरू झालं असावं. मला वाटतं, तिथंच.

पहिला धडा काय? पाठीवर पडायचं. आपणहून. बसल्या बसल्या मागं जायचं, पाठ गादीला लावायची, हात आपटायचे. सगळे पडले. मी बसलो तो बसूनच. खरं सांगतो, मी प्रयत्न केला हो. पण पाठ गादीच्या वीतभर वर आली की अंगच कुशीवर वळायचं. मी नाही वळवायचो, अंग वळायचं. पन्नास वर्षांमागं वस्तादांनी काठीनं घालून दिलेली सवय. ईरा कडेला बसून ओरडायची, “ओपा, लोकर!” म्हणजे आजोबा, सैल सोडा. सैल सोडायला मी काय गाठोडं आहे?

आणि मालन पडायची. लाकडाची मोळी सोडल्यागत पडायची, सपकन हात मारायची, हसत उठायची. पुन्हा पडायची. गादीवर बसलेल्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवायच्या. युर्गन ओरडायचा, “मालन! सुपर!”

नावानं. पन्नास वर्षांत चार माणसांत मी तिला नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’ नाहीतर ‘संजयची आई’. आणि हा मोडक्या कानांचा गडी भर हॉलमध्ये मालन, मालन. मला काय त्याचा संशय आला होता? छे. तसलं नव्हतं. मला ती हाक हवी होती. ते ‘सुपर’ मला हवं होतं. मैदानात हलगी वाजायची ती माझ्यासाठी. ही बाहेर तांब्या धरून उभी असायची. आता मी कडेला पाणी पीत बसलोय आणि हलगी तिच्यासाठी वाजतीय — हे मला सोसेना.

घरी ती आरशापुढं पट्टा बांधायची. भाजी चिरता चिरता सायलीला डाव समजावून सांगायची. “कंबर खाली घालायची गं, मग माणूस आपोआप येतो पाठीवर.” मी आतून म्हणायचो, “आम्हाला शिकवू नका.” म्हणायचो हसत. तिनं एकदा विचारलं, “अहो, ह्याला आपल्यात काय म्हणतात?” मला नाव ठाऊक होतं. मी म्हणालो, आपल्यात असला डाव नाही.

बघा, खोटं तिथूनच सुरू झालं. पण ते नव्हे सांगायचं. मी उगाच लांबवतोय.

वर्गाच्या शेवटाला एक लहानशी परीक्षा होती. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्याची. लेकरांचा पट्टा तो, ईरानं कधीच मागं टाकलेला. पण मालन त्यासाठी रोज बेडवर उशा मांडून पडायची. परीक्षेत प्रत्येकाला जोडीदार लागतो. तो नुसता उभा राहतो आणि स्वतःला पडू देतो. मला परीक्षा द्यायची नव्हती — मी कशाला देतो! तिनं जोडीदार म्हणून मला मागितलं. युर्गन दुसरी एक हलकी बाई देत होता. ही म्हणाली नको, माझे मिस्टर आहेत की. वर्गाच्या शेवटी शेवटी मी निदान कुशीवर पडायला लागलो होतो. तेवढं चालेल, युर्गन म्हणाला.

शनिवारी सकाळी परीक्षा. संजय, सायली, ईरा बाकावर. टेबलामागं युर्गन आणि शेजारच्या गावचे एक परीक्षक. मालननं पडून दाखवलं — मागं, डावीकडं, उजवीकडं. टाळ्या. मग मी समोर उभा राहिलो. तिनं माझी बाही धरली, पाठीमागून हात घातला, वळली, कंबर खाली घातली. बरोबर घातली. इतकी बरोबर, की माझे पाय गादीवरून सुटायला लागले. तुम्हाला सांगतो, त्या बाईनं मला उचललं होतं.

आणि मी बसलो.

पैलवानाला कळेल. वरून काही दिसत नाही. श्वास खाली सोडायचा, ढुंगण चार बोटं खाली घ्यायचं, टाचा रोवायच्या. माणूस तोच, पण पोत्यात धान्याऐवजी वाळू भरल्यागत. आमच्यात ह्याला जड होणं म्हणतात. तिच्या कंबरेवर मी जड झालो. तिचा डाव फसला.

ती पुन्हा वळली. मी पुन्हा जड. तिचा श्वास मला ऐकू येत होता. युर्गननं मला हातानं खूण केली, सैल, सैल. मी कंबरेला हात लावून तोंड वाकडं केलं — उसण भरली म्हणून. परीक्षकांनी जोडीदार बदलायला सांगितलं. मालन म्हणाली, नको, ह्यांच्याबरोबरच करते. तिसऱ्यांदा आली. ह्या वेळी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तिच्या डोक्यावरून पलीकडं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. आणि जड झालो.

ईरा हळूच आजीला म्हणाली, “ओमा...” मालननं गादीला बोटं लावून कपाळाला लावली आणि खाली उतरली. संजयला म्हणाली, “माझाच पाय सरकला रे. ह्यांची कंबर धरलीय, घरी जाऊन शेकायला पाहिजे.” युर्गन तिच्यामागं आला, काय काय बोलला. संजयनं सांगितलं — आई, तो म्हणतोय पुढच्या शनिवारी परत घेऊ, दुसरा जोडीदार देतो, तुझं सगळं बरोबर होतं.

घरी येऊन तिनं माझी कंबर शेकली. दुखत नसलेली कंबर. पिशवी नीट लागते का, दोनदा विचारलं. मी हूं म्हणालो. तिला कळलं होतं का? पन्नास वर्षं त्या अंगाला तेल लावणाऱ्या बाईला, ते खरं जड झालेलं की मुद्दाम, कळत नसेल?

शेकून झाल्यावर तिनं तो पांढरा पोशाख हातानं धुतला आणि बाल्कनीतल्या स्टँडवर वाळत घातला. बाह्या ओढून सरळ केल्या. पट्टा वेगळा घातला. पुढच्या शनिवारसाठी.

त्यानंतर ती गेली नाही. युर्गननं संजयला दोनदा फोन केला. मी म्हणालो, आईचा गुडघा दुखतोय म्हणून सांग. तिनं ते ऐकलं आणि दुखत नसलेल्या गुडघ्याला त्या दिवसापासून पट्टी बांधायला लागली. पण ती का गेली नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे. तेवढं सांगून थांबतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळे झोपलेले. मी उठलो, बाल्कनीचं दार सरकवलं. पोशाख अजून ओला होता, थंडीनं ताठरलेला. घडी घातली, पट्टा वर ठेवला, पिशवीत भरला. कोपऱ्यावर जुने कपडे टाकायची लोखंडी पेटी आहे. झाकण ओढलं, पिशवी आत ठेवली, झाकण सोडलं. आवाज मोठा झाला. रविवारी इथं सगळं शांत असतं.

परत आलो तर ती बाल्कनीत, रिकाम्या स्टँडपाशी उभी.

मी म्हणालो, “वाटेत मास्तर भेटले. म्हणाले, ह्या वयात त्यांना नका आणू. पोशाख देऊन टाका कुणाला तरी. दिला.”

ती म्हणाली, “मराठीत बोलले?”

मी चपला काढल्या. “चहा टाक,” म्हणालो.

तिनं टाकला. मी बशीत ओतून, फुंकर मारत, सगळा प्यालो.