नॉर्मल चालीचा माणूस

दोष बापट सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी ‘पण हेतू चांगला होता हो’ म्हणायला नको.

नारायण पेठेतल्या आमच्या ट्रस्टमध्ये माणसांच्या चालण्यावर संशोधन होतं आणि गुडघे-कंबर धरलेल्यांना फुकट फिजिओथेरपी मिळते. ट्रस्ट सरांचा, सर रिटायर्ड प्रोफेसर. माने मॅडम फिजिओ. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेला. सकाळी पोलीस भरतीसाठी पळायचो, दिवसभर इथं कॅमेरे चालवायचो. सोळाशे मीटर वेळेत निघाले की या लोकांना रामराम, एवढाच प्लॅन. तोवर किस्से साठत गेले, पेशंट कोपऱ्यात विसरून जातात त्या काठ्यांसारखे.

*

ट्रस्ट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लोणी काळभोरचे एक काका जिना चढून आले आणि दारातच बसले.

“सायेब, गुडघ्याचा दवाखाना इतका वर कशापायी?”

“जिना ही आमची पहिली तपासणी आहे,” सर म्हणाले.

“आन् ज्याला चढताच येत न्हाय, त्यानं?”

“त्यानं घरून लवकर निघावं.”

*

सर माणसाचा चेहरा बघत नाहीत, पाय बघतात. एकदा एक गृहस्थ खुर्चीत बसले होते. “ओळखलंस का रे?” म्हणाले.

सरांनी चष्मा पुसला. “जरा दारापर्यंत चालून दाखवता?”

गृहस्थ उठले, चालले.

“अरे, सुधीर! कधी आलास?”

सख्खा भाऊ.

*

एक जण खांद्यावर मोठी बॅग घेऊन दारात आला. “डावा खांदा पडलाय. झोपा,” सर म्हणाले. तो काहीतरी सांगू लागला. “बोलू नका, मान ताणली जाते.” मॅडमनी वीस मिनिटं शेक दिला.

उठून तो म्हणाला, “बरं वाटलं. आता सही करता का? पार्सल आहे.”

*

मालिशवाल्यांचं नाव काढलं की माने मॅडम भडकतात. “हाडं मोडून घ्यायचीत का?” असं प्रत्येक पेशंटला विचारतात. बिबवेवाडीत आमच्या बिल्डिंगखाली असाच एक मालिशवाला आहे. एका रविवारी त्याच्या बाकड्यावर मॅडम, कंबर धरून.

“मॅडम, तुम्ही?”

“निरीक्षणासाठी आलेय. ट्रस्टमध्ये कोणाला बोलू नकोस.”

पडद्यामागून सरांचा आवाज आला, “माने, बाहेर कोण आहे?”

*

सरांना कॉम्प्युटरसाठी एक ‘नॉर्मल चाल’ हवी होती, सगळ्या पेशंटची चाल तिच्याशी ताडून बघायला. निवड माझी झाली. “यांचं शिक्षण अपूर्ण आहे, पण चाल पूर्ण आहे.” अंगभर स्टिकर चिकटवले. नेमकी त्या दिवशी नव्या बुटांनी माझी टाच सोलली होती. सांगायला गेलो.

“आपण फक्त चाला. बोलल्यानं चाल बदलते.”

चाललो, लंगडत. तीच नॉर्मल म्हणून हिरव्या रेघेत सेव्ह झाली.

दोन महिन्यांनी नवा कॅमेरा आला, ट्रायलला पुन्हा मलाच चालवलं. टाच कधीच भरून आली होती. स्क्रीनवर लाल रेघ.

“आपल्या चालीत दोष आहे,” सर म्हणाले.

मी टाचेचं सगळं सांगितलं.

“ग्राफला बूट चावत नाहीत.”

वय झाल्यावर माणसं ऐकायची थांबतात की आधीपासूनच ऐकत नसतात, यावर मात्र कोणी संशोधन करत नाही.

सरांनी माझ्या आईला फोन करून दीड महिना माझं पळणं बंद करवलं. आईनं बूट कपाटात ठेवून कुलूप घातलं. मीही घाबरलो, कबूल आहे. ग्राफ रंगीत होता. मॅडमनी रोज तासभर व्यायाम घेतला, माझी रेघ जुन्या हिरव्या रेघेवर तंतोतंत बसेपर्यंत. बसली त्या दिवशी सरांनी उभं राहून माझा हात हातात घेतला.

“अभिनंदन. आता आपण नॉर्मल.”

पुढच्या आठवड्यात भरतीचं ग्राउंड होतं. सोळाशे मीटरला मला अकरा सेकंद जास्त लागले. भरती गेली.