रॉकेलच्या डब्यांचं रोम

मित्र जमले की मला आमच्या रोमन सैन्याचे किस्से सांगायला लावतात. दर वेळी एखाद्या किश्श्याला नवं शेपूट फुटतं. ते खरं की मीच जोडलं, या शंकेनं घरी गेल्यावर मला चैन पडत नाही. पुढं मी रोमच्या इतिहासावर प्रबंध लिहिला, पण त्यातल्या कशाचीच मला या डब्यांइतकी खात्री नाही.

निजामाचं राज्य होतं. येडशीजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब तपासणीला येणार होते. ते खूश झाले तर पाचवी मिळणार. नाही मिळाली तर वडील मला मामाच्या दुकानात बसवणार होते. सदाशिव मास्तरांनी साहेबांसाठी रोमन नाटक बसवलं. आम्ही सातजण सैनिक.

*

रॉकेलच्या डब्यांची चिलखतं केली गावात पत्र्याचं काम करणाऱ्या रहीमचाचांनी. मास्तरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. चाचा ते उलटसुलट करून म्हणाले, "मास्तर, ये आदमी अंदर घुसा कैसे?"

मास्तरांनी पुढची-मागची पानं चाळली. शेवटी चाचांनी आमच्या अंगावरच पत्रा वळवून कड्या ठोकल्या आणि नमाजाला गेले. ते परत येईपर्यंत आम्ही उभ्यानं जेवलो.

*

शिरस्त्राणाच्या तुऱ्याला घोड्याचे केस हवे होते. घोडा एकच, पाटलांचा. पाटील म्हणाले, "शेपटीचे न्या की. पण त्याला इचारून."

मास्तर आठ दिवस लंगडत होते. आमच्या डोक्यांवर केरसुण्या आल्या.

*

चमक यावी म्हणून मास्तरांनी तेरखेड्याहून फुलबाज्यांची चंदेरी पूड आणून चिलखतांना फासली. मग त्यांनाच धास्ती बसली. रंगीत तालमीला सगळे कंदील वीस हात लांब. नाटक संपल्यावर बसप्पा दुकानदारांनी विचारलं, "मास्तर, सुरू कधी व्हायचं?"

*

बसप्पांचा विरूही सैनिक होता. त्याच्या गळ्यातल्या लिंगावर पत्रा नको म्हणून ते अडून बसले. "रोम असू द्या न्हाय तर काय बी, देव पत्र्यात कोंडायचा न्हाय."

चाचांनी विरूच्या छातीवर बिजागरीचं छोटं दार केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच दार हवं झालं! आमच्या दारांमागं मूठभर भुईमुगाच्या शेंगा मावत. रोमन चिलखताला दार असल्याचा पुरावा मला अजून सापडलेला नाही. माझंच वाचन कमी पडलं असेल.

*

साहेब आले. अंमलदारापुढं कमरेतून वाकून सलाम करायचा आणि नजराणा ठेवायचा, असा तेव्हा रिवाज होता. चिलखत घालून वाकायची तालीम मास्तरांनी घेतलीच नव्हती.

आम्ही वाकलो. पत्र्यात पत्रा अडकला. विरूचं दार देवासाठी उघडंच होतं; बाकी सगळ्यांची दारं उघडली आणि शेंगा साहेबांच्या बुटांपर्यंत पसरल्या. मला जमिनीवर मामाचं दुकान दिसू लागलं.

साहेबांनी उठायची खूण केली. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. कुणी उठेना.

साहेब स्वतःच खुर्चीतून उठले. "इतना अदब तो हैदराबाद में भी नहीं देखा."

त्यांनी एक शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले. "नजराना कबूल."

पाचवी मंजूर झाली, तेव्हा आम्ही वाकलेलेच होतो.