काळी पाचमधलं शेवटचं कडवं

आमच्या गायन पार्टीत बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. पुढे मधोमध दादा, त्यांच्या उजव्या हाताला पेटी, डावीकडे ढोलक आणि मागे आम्ही कोरसच्या बायका. मी इतकी वर्षं दादांच्या पाठीमागे बसून गायले, की त्यांचा चेहरा आठवायला गेले तर आधी घामानं चिकटलेला सदरा आठवतो. वरचा सूर घ्यायचा असला की त्यांचे खांदे आधी उचलले जायचे. ते दिसले की आम्ही श्वास भरून घ्यायचो, कारण पुढची ओळ आमची असायची.

दादा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. जयंतीच्या महिन्यात आणि लग्नसराईत ते जिल्हाभर गायला जायचे. गाणी स्वतः जोडायचे. माझी लोहाऱ्यातच पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला, आणि तेवढ्याच गुणावर दादांनी मला कोरसमध्ये घेतलं. गोड गळा मला कधी नव्हता, आजही नाही.

दादांचाही गळा फार गोड नव्हता. लोक यायचे ते त्यांच्या पट्टीसाठी. पेटीवर काळी पाच म्हणून एक पट्टी आहे. तिथून सूर धरला की साधारण पुरुषाचा गळा दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकत नाही. दादा तिथूनच गायचे आणि शेवटच्या कडव्यात अजून वर जायचे. आमच्याकडे गायकाची किंमत अशीच करतात. 'आवाज कसा आहे' असं कोणी विचारत नाही, 'कोणत्या पट्टीत गाते' असं विचारतात. ढाणकीला एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी स्टेजजवळ येऊन पेटीवर दादांची पट्टी तपासून जायचे. बाजारात बैलाचे दात बघावेत तसे.

दादा किडनीच्या आजारानं गेले. यवतमाळला डायलिसिसला जायचे, तिथे पडल्या पडल्या त्यांनी एक गाणं जोडलं. चार कडव्यांचं. आम्हाला दोन-तीनदा बसवून शिकवलं आणि ढाणकीच्या कार्यक्रमात म्हटलं. त्यांचा तो शेवटचा कार्यक्रम, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना असावं.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, त्या दिवशी ढाणकीला नव्हती. मुलीच्या बाळंतपणासाठी ती नेरला गेली होती. नवं गाणं आधी घरात म्हणायचं नाही, लोकांसमोरच काढायचं, हा दादांचा नेम होता. ढाणकीहून आल्यावर ते अंथरुणाला खिळले आणि पुन्हा गायले नाहीत. एकानं मोबाईलवर गाणं उतरवून घेतलं होतं, पण त्यात पहिली दोनच कडवी धड ऐकू येतात. पुढे लोक बक्षिसाच्या नोटा घेऊन स्टेजवर चढले. मग नुसत्या पाठी दिसतात आणि कोणत्या गावच्या कोणत्या साहेबांनी खूश होऊन किती दिले, त्याची माईकवरची घोषणा. शेवटचं कडवं त्या घोषणेखाली गेलं.

ते कडवं वहिनीला उद्देशून होतं. हे तिला लोकांकडून कळलं. ढाणकीहून भेटायला आलेल्या बायांनी सांगितलं, "तुह्यावर जोडलं होतं व बाई, आम्ही रडलो." काय जोडलं होतं, ते मात्र त्यांच्यातल्या कोणाला नीट सांगता येईना.

दरवर्षी स्मृतिदिनाला लोक येतात. नेरचे, उमरखेडचे, ढाणकीचे. कापसाची वेचणी सोडून येतात, याचं मला कौतुक आहे. विहारासमोर मंडप असतो, दादांच्या फोटोला हार, मेणबत्त्या, वंदना, मग भाषणं. भाषणात प्रत्येक जण दादा आपल्या घरी कसे जेवले होते ते सांगतो. सगळे खरं बोलत असतील तर दादांनी जन्मभर दुसरं काही केलं नसावं. मग गाणी, आणि शेवटी ते गाणं.

ते म्हणायला कोणी तरी नावाजलेला गायक पुढे बसतो. दादांचं गाणं दादांच्याच पट्टीत व्हायला पाहिजे, असा सगळ्यांचा आग्रह. पहिलं कडवं जमतं. दुसऱ्यात गळ्याच्या शिरा दिसायला लागतात. तिसऱ्याच्या तोंडाशी आवाज फाटतो, गायक माईकपासून बाजूला होऊन दादांच्या फोटोला हात जोडतो. लोक डोळे पुसत टाळ्या वाजवतात. "दादा ते दादाच" असं म्हणत जेवणाकडे वळतात. पहिल्या वर्षी असं झालं, दुसऱ्या वर्षी झालं, आणि मग तोच रिवाज झाला. आवाज फाटणं हीच श्रद्धांजली. मला ते पटायचं नाही. गाणं अर्धं टाकायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या?

तिसऱ्या स्मृतिदिनाच्या आधी वहिनी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर आली. दळण झालं तरी उठेना.

"काय व वहिनी, पीठ गार होऊन राह्यलं."

"होऊ दे. मले एक सांग. यंदा तरी गानं शेवटलोक, पुरं म्हणतीन काय कोणी?"

"मले पाठ हाय ते. आत्ता सांगते, बस."

तिनं माझ्या तोंडावर हातच धरला. "बोलून नको सांगू. त्याले बोलून सांगाचं असतं त मले घरीच नसतं सांगतलं? पेटी-ढोलकावर म्हनासाठी जोडलं त्यानं. तसंच आयकाचं हाय मले, त्याच्या लोकांत बसून."

"मग मी घरी येऊन म्हणते."

"घरी म्हणशील त अंगाई वाटंन," ती म्हणाली आणि डबा उचलून गेली.

मी त्याच दिवशी पेटीवाल्या भाऊंकडे गेले. हे दादांचे लहानपणापासूनचे मित्र, बसस्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान आहे. दादांच्या पट्टीवर त्यांनी चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवला होता, म्हणजे कोणी चुकूनही दुसरीकडून सुरुवात करू नये. मी सरळ म्हटलं, "भाऊ, पट्टी खाली घ्या. गाणं पूर्ण होऊ द्या एकदा."

भाऊंनी मशीन थांबवली. "तू हे मले सांगून राह्यली? त्याची पट्टी खाली घेऊ? लोकं काय म्हणतीन, मानूस गेला आन् पार्टी पडली?"

"वहिनीले शेवटचं कडवं आयकाचं हाय."

"मलेही आयकाचं हाय. पन काळी पाचमधी. खाली घेतलं त ते दुसऱ्याचंच गानं होते." आणि त्यांनी पुन्हा मशीन सुरू केली. भाऊ हटवादी आहेत, पण हे ते हट्टानं बोलत नव्हते. त्यांच्याकडे दादांचं म्हणून तेवढीच एक वस्तू उरली होती. मी निघून आले.

स्मृतिदिनाला नेरचा एक गायक बसला. चांगला तयारीचा माणूस, तरणाबांड, उगाच नाव ठेवणार नाही. मागे मी आणि आमच्यातली दुसरी कोरसवाली, ती अंगणवाडीत मदतनीस आहे. कोरसमधल्या आम्ही दोघीच आता उरलो आहोत. वहिनी बायकांत पुढे बसली होती, पांढरं लुगडं नेसून, मांडीवर हात ठेवून.

पहिलं कडवं झालं, आम्ही ध्रुवपद म्हटलं. दुसरं झालं, आम्ही ध्रुवपद म्हटलं. तिसऱ्याच्या पहिल्या ओळीला त्याचा आवाज चिरकला. त्यानं एकदा खाकरून पाहिलं, पुन्हा धरला, पुन्हा गेला. त्यानं फोटोकडे वळून हात जोडले. टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगेतले लोक उठायलाही लागले, कारण तिकडे आलू-वांग्याच्या भाजीचं झाकण उघडलं होतं.

मी वहिनीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. आणि आमचं ध्रुवपद म्हणायचं राहिलं होतं म्हणून, निव्वळ सवयीनं, मी आणि मदतनीस बाईनं ते म्हणून टाकलं. म्हणता म्हणता माझ्या ध्यानात आलं, की ज्या पट्टीत त्या माणसाचा गळा फाटला, तिथे आम्हाला काही होत नाही. कधीच झालं नव्हतं. बाईच्या गळ्याची ती रोजची जागा आहे. दादा मुळात आमच्या पट्टीत येऊन गायचे, पुरुष असून, हेच तर त्यांचं वैशिष्ट्य होतं. आणि तीन वर्षं आम्ही एकेका पुरुषाला पुढे बसवून त्याचा गळा फोडत होतो आणि त्याच्या मागे बसून तोच सूर आरामात भरत होतो. दुसऱ्या पार्ट्यांत बायका मुख्य गायिका असतात. आमच्यात कोरसनं ध्रुवपद म्हणायचं, कडवं नाही, असा कायदा होता. तो आमच्याच डोक्यात इतका बसलेला, की मला पट्टी खाली घ्यायचं सुचलं, पण हे सुचलं नाही.

मी मागूनच म्हटलं, "भाऊ, पेटी बंद करू नका. उरलेली कडवी आम्ही म्हणतो."

भाऊंनी मान वळवली. "कोरस कडवं म्हनते काय कधी?"

पुढून कोणी तरी हसलं. "काकू, जेवन थंडं होऊन राह्यलं!"

तेव्हा वहिनी उभी राहिली. ती माणसांत कधी बोलत नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "पट्टी त्याची हाय, तुम्ही सांभाळली. चांगलं केलं. पन नवरा माहा होता. म्हनू द्या त्याईले."

भाऊंनी भाता हलवला आणि चिकटपट्टीच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

आम्ही जागेवरूनच म्हटलं, पुढे सरकलो नाही. तिसरं कडवं वाद्यांचं आहे, कोणती पेटी कुणाकडे द्यावी, ढोलकाची कातडी कोणी ओढून घ्यावी. लोक उभे होते तिथेच थांबले. मग चौथं. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात गाणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं, तसं दादांनी घातलेलं आहे. आपलं नाव घेऊन ते बायकोला सांगतात, की आता आतून कडी लावून घे. कार्यक्रमाहून पार्टीची गाडी परत येईपर्यंत वहिनी दाराला कडी लावत नसे, हे सगळ्या लोहाऱ्याला माहीत होतं. दादा म्हणतात, गाडी येईल, पेटीवाला उतरेल, ढोलकवाला उतरेल, त्यांना पाणी दे. मी त्या गाडीत नाही. कडी लाव आणि झोप.

दादांचं नाव घेताना मदतनीस बाईचा आवाज गेला. मी एकटीनं शेवट केला. माझा चांगला झाला असं नाही म्हणत, पण सूर सुटला नाही आणि शब्द स्वच्छ पोचले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. नेरच्या त्या गायकानं खाली मान घातली होती. भाऊ पेटीवर डोकं टेकून होते आणि भात्यातली हवा हळूहळू निघून जात होती.

मला वाटलं होतं, वहिनीला आता बरं वाटेल. एक काम राहून गेलं होतं, ते झालं. मी भांड्यांकडे जाता जाता तिच्याजवळ थांबले. दादा गेले त्या दिवशीही ही बाई आम्हा सगळ्यांना चहा करून देत होती. तीन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती मंडपाच्या बांबूला धरून बसली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता.

मी पाणी दिलं. तिनं पेला हातात धरून ठेवला.

"आवं, पाह्यजे होतं ना तुले? झालं ना आता?" मी म्हटलं. मला दुसरं बोलता येत नाही.

"झालं," ती म्हणाली. "तेच त झालं. आत्तालोक वाटे, त्याचं काई तरी मले सांगाचं बाकी हाय. रोज वाटे व. भाकर टाकता टाकता वाटे. आता काईच नाई राह्यलं."

मी तिच्याजवळ बसले. वाढणाऱ्या पोरींनी दोनदा विचारलं, पत्रावळी कुठे आहेत. मी हातानं दाखवलं. उठले नाही.

त्यानंतर ते गाणं आम्ही दोघीच म्हणतो. लोकांना आवडतं. ढाणकीचे लोक सांगतात, हुबेहूब दादा. तसं काही नाही, पण मी वाद घालत नाही. भाऊंनी चिकटपट्टी काढून टाकली, आता त्यांना ती लागत नाही असं म्हणतात.

यंदाही वहिनी आली होती. फोटोला हार तिनंच घातला, वंदनेला बसली, भाषणं ऐकली. भाऊंनी पेटी पुढे ओढली तेव्हा ती उठली. "भात पाहून येते, खाली लागंन," असं शेजारणीला सांगून मंडपाच्या मागे गेली. भाताजवळ दोन बाया होत्या, हे तिलाही दिसत होतं. आम्ही थोडा वेळ थांबलो. ढोलकवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि आम्ही चारही कडवी म्हटली.