करवत काठाचे तारे

बायकोलासुद्धा हे माहीत नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

पवनी गावात माझं छोटं दुकान होतं, तिथे मी लोकांना वेबसाइट बनवून द्यायचो. कवडूकाकाजी कोष्टी माझे गिऱ्हाईक, हातमागावर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणणारे. करवतीच्या दात्यांसारखा त्यांचा काठ वडिलांपासून चालत आलेला. त्यांची वेबसाइट केली, पण ती इंटरनेटच्या शोधात वर येईना. मग मी एक लबाडी केली.

वेबपानाच्या मागे सर्च इंजिनसाठी ठरावीक साच्यात माहिती लिहिता येते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, यंत्र मात्र वाचतं. नियम असा, की जे पानावर दिसत नाही ते तिथेही लिहायचं नाही. मी लिहिलं. खोटी नावं, खोटी कौतुकं, पाचपैकी पाच तारे. थोड्याच दिवसांत शोधात काकाजींच्या नावाखाली तारे झळकले. म्हातारा सगळ्या आळीला मोबाइल दाखवत फिरला. मला काय वाटलं? मजा वाटली, दुसरं काय!

मग सर्च इंजिनला लबाडी कळली. पानावर एकही अभिप्राय नाही, आणि मागे एवढी स्तुती! तारे एका रात्रीत गेले.

काकाजी माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला. "लोकायनं तारे वापस घेतले का गा, बाबू? मले सांग, काठात खोट आली का?"

त्यांच्या घरची रीत मला ठाऊक होती — गिऱ्हाइकानं नापसंत करून परत केलेला काठ त्या घरात पुन्हा विणायचा नाही. ठाऊक होती, हे लक्षात घ्या. आणि तरीही मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "नसेल आवडला लोकांना."

असं कसं म्हणालो मी? माझंच तोंड होतं ना ते?

दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. काकाजी मागावरची साडी कात्रीने कापत होते. अर्धी विणून झालेली, काठ लखलखीत. काकी भिंतीला टेकून तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला वाटलं, ओरडावं — थांबा! अर्धा पन्हा, म्हणजे कापडाची अर्धी रुंदी, अजून मागावर शाबूत होता. एक वाक्य पुरलं असतं.

काकाजींनी वर पाहिलं. "तू खरं बोलला, बाबू. बाकी सारे तोंडावर गोड बोलतेत. बस, च्या घे."

मी बसलो. कात्री चालूच होती. काकींनी आणून दिलेला चहा मी पूर्ण प्यालो.