साचेखात्यातली वटवाघळं

माणसाला ऐकू येत नाहीत असे आवाज ऐकण्यात माझं आयुष्य गेलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वटवाघळांच्या मागे फिरायचं. एवढं करून हाती काय लागलं असं आता कुणी विचारलं, की मी चहा टाकायला उठते.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. आम्ही वडिलांना आबा म्हणायचो. साचेखात्यात सगळे माग एकदम चालत, तिथे तोंडानं बोलून काही उपयोग नसे. विणकर नुसते ओठ हलवून बोलत. पाणी प्यायला जायचं तरी शेजारच्याला ओठांनीच सांगायचं, मग तो दोघांचे साचे बघायचा. या गोंगाटात कान जायचेच. आबांचेही गेले. घरात आम्ही ओठ सावकाश हलवले की त्यांना सगळं कळे. ते मात्र स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलत. आमच्याकडचं निम्मं बोलणं त्यामुळे सगळ्या चाळीला ऐकू जाई, आणि उरलेलं निम्मं चाळ स्वतःच जुळवून घेई.

मग संप आला. आठवड्यात मिटेल, असं आबा म्हणाले होते. तो मिटलाच नाही, नुसता विरत गेला. त्यांच्या शेजारचा साचेवाला गावी निघून गेला तो पुन्हा दिसला नाही. पुढे गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, पण आबांना परत घेतलं नाही. नंतर ती कायमची बंद पडली. आबा दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. त्या गिरणीवरून जायला नको म्हणून ते लांबच्या रस्त्यानं बाजारात जात. विषय काढला की म्हणत, "माझे साचे थंय आसत, ते बघायचे आसत एकदा." आणि जात मात्र नसत.

माणसं गेल्यावर त्या खात्यात वटवाघळं आली. किडे खाणारी, लहान, आपण पाकोळ्या म्हणतो ती. बंद गिरण्यांतली वटवाघळं हा माझ्या संशोधनाचा विषय झाला तेव्हा कॉलेजातले लोक हसले. गिरणी पाडून तिथे टॉवर उठणार होता. निदान पिल्लं उडायला लागेपर्यंत छप्पर राहू द्या, एवढंच मागायचं होतं, आणि त्यासाठी ती तिथे राहतात हे दाखवायला हवं होतं. मी पहिल्यांदा आत जाऊन आले त्या दिवशी आबांनी विचारलं, "माझे साचे आसत?"

"नाहीत, आबा. सगळं भंगारात गेलं."

ते बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले. चुकीचं वाचलं असेल असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, "जागा तरी आसा ना? मी येतंय."

आत जायच्या परवान्यावर मदतनीस म्हणून मी त्यांचं नाव लावलं आणि आम्ही संध्याकाळी आत शिरलो. खातं रिकामं होतं. जमिनीवर साच्यांच्या बोल्टांचे कापलेले खुंट होते आणि त्यांच्यावर वटवाघळांच्या लेंड्या. आबा खांब बघत बघत चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले. खुंटांच्या दोन ओळींच्या मधे, विणकर उभा राहतो तिथे. छपराखाली हालचाल सुरू झाली होती. मी त्यांना दाखवलं, की वटवाघळाचा पंख म्हणजे खरं तर हातच आहे. आपल्यासारखीच बोटं, फक्त लांब वाढलेली, आणि मधे छत्रीच्या कापडासारखी कातडी. त्यांनी स्वतःची बोटं पसरून पाहिली.

माझ्याकडे एक पेटी होती. वटवाघळं अंधारात वाट शोधायला जो आवाज काढतात तो आपल्या कानांच्या पलीकडचा असतो. ही पेटी तो आपल्याला ऐकू येईल इतका खाली उतरवून ऐकवते. आबांना तोही ऐकू येणार नव्हता. म्हणून मी त्यांचा डावा तळहात पेटीच्या जाळीवर ठेवला. टक, टक, टक. त्यांना ते हाताला जाणवलं. चेहरा सैल झाला. वटवाघूळ किड्याजवळ पोचलं की त्याचा आवाज भराभर होत जातो आणि किडा मिळाला की क्षणभर तुटतो. तसा तो तुटला, आणि आबांचा उजवा हात कमरेच्या उंचीवर पुढे गेला, मूठ वळून. साचा थांबला की तो पुन्हा चालू करायचा दांडा धरायला जायचा तसा. तिथे काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ राहिला, मग खाली आला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त थकल्यासारखं झालं. या सगळ्या मेहनतीतून मी त्यांना हेच दाखवायला आणलं होतं.

छप्पर पिल्लं उडायच्या आधीच पाडलं गेलं. करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की आता तिथे काय आहे ते दिसतं.

त्या संध्याकाळी निघताना आबा दारात वळले आणि रिकाम्या खात्याकडे बघून ओठ हलवले. आवाज नाही, नुसते ओठ. मला ते वाचता आले नाहीत. जन्मभर ते माझे ओठ वाचत आले होते, त्यांचे वाचायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. फाटकाबाहेर आल्यावर विचारलं, "आत काय म्हणालात?"

"शेजारच्याक सांगितलंय," ते नेहमीसारखे ओरडून म्हणाले. फाटकावरचा वॉचमन वळून बघायला लागला. "म्हटलं, माझे साचे बघ. आलोच."