खुडूक कोंबडीखालची अंडी

कोंबड्या पाळायचं खूळ माझंच. रायपूरच्या सिलतऱ्याकडच्या टोकाला आम्ही घर घेतलं, तेव्हा मागे चार खाटा मावतील एवढं अंगण मिळालं. बायको म्हणाली, कढीपत्ता लावू. मी आठवडी बाजारातून चार गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आलो. जुन्या खोक्यांचं खुराडं ठोकलं, आत भाताचं तणस पसरलं. रोज तांदळाची कणकी टाकायची, पाणी ठेवायचं. पाण्यावर कारखान्यांची काळी भुकटी तरंगायची, म्हणून ते दोनदा बदलायचं. पहिलं अंडं सापडलं त्या दिवशी मी ते हातात घेऊन घरभर मिरवलो. घरच्यांनी माझं कौतुक केलं की कोंबडीचं, कोण जाणे.

कोंबडा मात्र उजाडायच्या कितीतरी आधी बोंबलायचा. भिंतीपलीकडच्या भाभींनी आधी हसून सांगितलं, मग न हसता. अंडी न देणाऱ्या त्या ऐतखाऊसाठी शेजार कशाला तोडायचा? होळीच्या आधीच मी तो दूधवाल्याला देऊन टाकला. गल्ली निवांत झोपू लागली, अंडी येतच राहिली. माझं काही अडलं नाही.

आई आली ती पावसाळ्यात. ती अमरावतीकडे गावात एकटी राहते. मागच्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. तिनं आता कायमचं इथेच राहावं, एवढंच मला हवं होतं. पण दर वेळी मिनतवाऱ्या करून आणावी आणि आठ दिवसांत तिनं पिशवी भरावी. "करमत नाही बाप्पा तुमच्या इथं," हे ठरलेलं.

या वेळी तिला कोंबड्यांनी धरून ठेवलं. खरं तर तिच्या माहेरी-सासरी अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आमच्याकडेही अंड्याचा तवा मागच्या ओट्यावर वेगळा असतो, तिच्याचसाठी. कोंबड्या तिनं आयुष्यभर पाहिल्या त्या शेजाऱ्यांच्या, कुंपणावरून. तरी दुसऱ्याच दिवशी ती अंगणात बसून त्यांच्याशी बोलायला लागली. घरात माझी मुलगी तिला हिंदीत उत्तरं द्यायची. कोंबड्या निदान उलट बोलत नव्हत्या.

श्रावण लागला. महिनाभर आम्ही अंडी खात नाही, पण कोंबड्यांना श्रावण कोण सांगणार? टोपली भरत चालली. त्यातच तांबडी कोंबडी खुडूक झाली. पिसं फुगवून खोक्यात बसली ती उठेचना, हात नेला की चोच मारायची.

"अंडी ठेव तिच्याखाली," आई म्हणाली. "वाया कायले घालवता? पिल्लं निघतीन."

मला तर हवंच होतं. मी ताजी अंडी निवडून दिली. पहिल्या दिवशी आईनं ती पदराच्या टोकानं धरून एकेक करून ठेवली. आठवड्याभरात ती उघड्या हातानं अंडी फिरवू लागली. तांबडीला रोज उठवून दाणे खायला लावायची आणि तोवर अंडी गार पडू नयेत म्हणून त्यांवर आपलं जुनं लुगडं पांघरायची. गावाकडे मावशीला फोन करून सांगितलं. भाभींनाही भिंतीवरून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. आणि एकदा जेवताना म्हणाली, "पिल्लं निघाली की संक्रांतीवरी तरी राहाच लागन मले. घारीपासून कोण पाहीन त्यांले? तू त् ऑफिसात जाऊन बसतं."

त्या दिवशी मी एक पोळी जास्त खाल्ली.

तीन आठवडे झाले. आई सकाळपासून खोक्यापाशी. अंडं कानाला लावायची, पुन्हा ठेवायची. काहीच हललं नाही. "थंड वातावरण हाये, उशीर होते," म्हणाली. आणखी चार-पाच दिवस गेले. तांबडी वाळून अर्धी झाली होती, तरी जागा सोडत नव्हती. शेवटी भाभींनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "क्यों माताजी, चूज़े नहीं निकले?" मग त्यांचंच त्यांना काहीतरी आठवलं. "अरे! मुर्गा तो भैया ने होली के पहले ही दे दिया था. बिना मुर्गे के चूज़े कहाँ से आएँगे?"

त्या हसल्या. माझी मुलगी हसली, बायको तोंडाला पदर लावून हसली. आणि मीही हसलो, पोट धरून. एवढा शिकलेला मी, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, याचंच मला हसू येत होतं. आम्ही कोणाला हसतोय असं आईला वाटलं असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

ती हसली नाही. तिनं अंडी एकेक करून बाहेर काढली, पुन्हा पदरात धरून. अंगणाच्या कोपऱ्यातल्या पेरूच्या बुडाशी खड्डा करून पुरली. हातपाय धुऊन आत आली आणि पिशवी भरायला लागली.

"आई, आपण नवीन अंडी आणू, बाजारातून."

"राहू दे. मले काय समजते त्यातलं."

मी पुष्कळ विनवलं. पोळ्याला तरी थांब म्हटलं. तिला गाडीत बसवून आलो तेव्हा तांबडी रिकाम्या तणसावर तशीच बसलेली होती. मला रडू आलं, आणि कोंबडीसमोर रडतोय म्हणून स्वतःचाच राग आला.

आता फोनवर बोलणं होतं. माझी तब्येत, पोरीची शाळा, सगळं झालं की शेवटी आई विचारते, "ते तांबडी उठली काय रे?"

तांबडी कधीच उठली. दसऱ्यापासून अंडी देते, धष्टपुष्ट झाली आहे.

"नाही ना आई," मी म्हणतो. "बसूनच आहे. माझं ऐकत नाही. तू येऊन उठव."



"पाणी ठेवत जा तिच्यासमोर," आई म्हणते, आणि फोन ठेवते.