दिसली म्हण

मांडवीच्या उमाकाकूनं पहिलं भांडण काढलं ते स्वतःच्या लग्नातच, आणि तेसुद्धा भटजींशी. वैशाखातलं भर दुपारचं लग्न. वर झावळ्यांचा मांडव, खाली घामानं निथळणारी माणसं. सप्तपदी झाली तसे भटजी म्हणाले, "आता वर बघा, आणि अरुंधती दिसली म्हणा." वसिष्ठ-अरुंधतीसारखा संसार व्हावा म्हणून नवऱ्या मुलीला तो तारा दाखवायचा रिवाज. आता दिवसाढवळ्या, त्यातून मांडवात, कसली डोंबलाची अरुंधती दिसतेय! पण आजवर त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. उमाकाकूनं मात्र मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "नाही दिसली. झावळ्या दिसतायत."

मांडवात खसखस पिकली. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. भटजींनी दटावलं, "अगो, म्हणायचं असतं."

"न दिसता कसं म्हणू?"

शेवटी नवरदेव, म्हणजे आमचे गोपाळराव, हळूच पुटपुटले, "संध्याकाळी दाखवतो मी." तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. संध्याकाळी त्यांनी खरंच तिला अंगणात नेलं आणि छातीठोकपणे एका ताऱ्याकडे बोट केलं. तो भलताच तारा होता, हे तिला कळायला वर्ष गेलं. पोस्टातला सरळमार्गी माणूस, त्याला आकाशातलं काय ठाऊक! पण त्या चुकीच्या बोटापायी उमाकाकूला ताऱ्यांचं वेड लागलं ते लागलंच.

मामा बोटीवर होते, त्यांनी त्यांची जहाजावरची जडशीळ दुर्बीण भाचीला दिली. दिवसभर जिल्हा परिषदेत टंकलेखन, आणि दिवेलागणीनंतर घरची आवराआवर झाली की गच्ची. आळीतली पोरं तिला 'ताऱ्यांची काकू' म्हणायची. तीही त्यांना नारळाचा हिशेब सांगायची. "सूर्य म्हणजे हा नारळ असं समजा रे. मग आपली पृथ्वी मोहरीएवढी, आणि ती फिरते तिकडे, विहिरीपाशी. आता सांगा बघू, दुसरा नारळ कुठे? म्हणजे सगळ्यात जवळचा दुसरा तारा?" पोरं म्हणायची जेटीवर, कुणी हुशारीनं म्हणायचं मुंबईला. काकू समुद्राकडे हात करायची. "मोंबासाला! आफ्रिकेत! आणि मधल्या सगळ्या दर्यात एक नारळ नाही." पोरं समुद्राकडे बघत राहायची. तिच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. एवढं रिकामं, एवढं अफाट पसरलेलं, आणि ते आपल्या बोरासारख्या डोळ्यात मावतं, याचंच तिला मोठं अप्रूप.

लग्नाच्या वाढदिवशी ती गोपाळरावांना हाताला धरून वर न्यायची आणि खरी अरुंधती दाखवायची. सप्तर्षींच्या शेपटीतला टोकाकडून दुसरा तो वसिष्ठ, आणि त्याच्या खांद्याशी टेकलेला बारीकसा ठिपका ती अरुंधती. गोपाळराव जांभई देत म्हणायचे, "दिसली, दिसली. चल आता, जेवायला वाढ." वर चेष्टाही करायचे. "अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत आटपतो म्हणतात. तेवढ्यासाठी बघून ठेवतो." काकू म्हणायची, "असं असतं तर रत्नागिरीतले निम्मे चष्मेवाले कधीच आटपले असते."

आता फिकट ताऱ्याची एक खोड असते. रोखून बघायला गेलं की तो नाहीसा होतो, आणि नजर जराशी बाजूला ठेवली की पुन्हा येतो. डोळ्याची घडणच तशी. काकू पोरांना शिकवायची, "अरे, लाजरा असतो तो. कडेनं बघ, अलगद." चाळीस वर्षं कडेनं बघून बघून तिला दुसरं बघणंच ठाऊक राहिलं नाही, आणि त्या सवयीनंच घात केला. समोरचा तारा पुसला जायचा, तेव्हा ही म्हणायची, फिकट आहे. पेपरातली अक्षरं मधेच खाल्ल्यासारखी व्हायची, तेव्हा म्हणायची, नंबर वाढला असेल. मग एका संध्याकाळी गुरू उगवला. गुरू म्हणजे काय फिकट असतो होय? कंदील टांगावा तसा लखलखीत ग्रह! तिनं सरळ बघितलं, आणि गुरू नव्हता. मान जरा वळवली, तर होता. पुन्हा सरळ बघितलं, तर काळोख. उमाकाकू तिथेच गच्चीच्या कठड्यावर बसली.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासून कपाळाला हात लावला. "काकू, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. आधी आला असतात तर थोडं थोपवता आलं असतं. इतके दिवस लक्षात कसं नाही आलं?"

"फिकट तारा तसाच बघतात," ती म्हणाली. डॉक्टरांना काही उमगलं नाही. कडेचं धूसर राहील, अंधारातलं मात्र आता विसरा, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

रिक्षात बसल्यावर काकू रडली नाही, चिडली. "बघ बघ बघितलं जन्मभर, आणि मधलं कधी गेलं ते कळलं नाही! काय उपयोग हो माझ्या बघण्याचा?"  त्या दिवसापासून गोपाळरावांची ती सहा महिन्यांची चेष्टा बंद झाली. कधी देवापुढे न बसणारा माणूस सकाळ-संध्याकाळ हात जोडून बसायला लागला. दोन दिवसांआड आडून आडून विचारायचे, "वर जातेस का जरा? आज दिसेलसं वाटतं." काकूला समजायचं त्यांना कशाची भीती बसलीय ते. हसण्यावारी न्यावं तर हसू येत नव्हतं, आणि खरं सांगावं तर माणूस खचला असता.

खरं म्हणजे तिला स्वतःला फक्त एकदा हवी होती अरुंधती. मरणाची भीती तिला नव्हतीच. अरुंधतीचा उजेड तिच्या जन्माच्याही आधी निघालेला, ऐंशी वर्षं चालत आलेला. एवढी पायपीट करून पाहुणा दारात उभा, आणि घरात उठायला कुणी नाही, हे तिला सोसवत नव्हतं.

औंदाचा वाढदिवस आला. दिवेलागण होऊन गेल्यावर गोपाळराव तिला धरून गच्चीत घेऊन गेले. गच्चीत आमसुलांसाठी रतांब्यांची सालं सुकत घातलेली, आंबट वास भरून राहिलेला. त्यावर पाय पडू नये म्हणून ती भिंतीच्या कडेकडेनं गेली. तिनं वर मान केली. समोर काही नाही. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, जन्मभराची सगळी कसरत करून झाली. एक ठिपका नाही.  नवरा शेजारी श्वास धरून उभा आहे, हे तिला कळत होतं.

"आभाळ लख्ख आहे हो आज," ती उसनं अवसान आणून म्हणाली.

"हं," गोपाळराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दिसली?"

भर मांडवात, सासरच्या माणसांदेखत जिची जीभ रेटली नव्हती, त्या उमाकाकूनं उत्तरेकडे बोट केलं. "दिसली. ती काय, वसिष्ठाच्या खांद्याशी. कशी स्वच्छ दिसतेय बघा."

 "हो," गोपाळराव म्हणाले. "मलाही दिसली."

काकूला बरं वाटलं. निदान हा माणूस आता सुखानं झोपेल.

तेवढ्यात खालून, शेजारच्या अंगणातून, काशीची हाक आली. "ओ वैनी! आभाळ केवढा भरलाय बघा! आमसुला उचललीत काय? भिजतील ना सगळी!"

काकूचं बोट अजून वरच होतं. तिनं हात खाली घेतला.

"कधीपासून भरलंय हो?"

"आपण वर आलो तेव्हापासून."

"एकसुद्धा तारा नाही?"

"नाही."

"मग तुम्हांला कुठली दिसली?"

"अगं," गोपाळराव म्हणाले, "म्हणायचं असतं."

ती खाली बसून चाचपत चाचपत आमसुलं गोळा करायला लागली. सूप हाताला लागेना, तेव्हा गोपाळरावांनी ते पुढे सरकवलं.

"पुढल्या वर्षापासून नको यायला वर," ती म्हणाली.

"नको," ते म्हणाले.